मालकांच्या प्लॉटला केवडा पडला

भाड्यानं घर मिळेल का म्हणून विचारायला गेलो, तर घरमालकांनी माझं नाव विचारायच्या आधी माझं मनगट धरलं. अंगठ्यानं दाबून बघितलं, उजेडाकडं फिरवलं आणि आतल्या दिशेनं ओरडून निकाल दिला, "बारीक हाय, पर भरीव हाय. द्यायला हरकत न्हाय!"

आतून काकींचा आवाज आला, "अवो, माणूस हाय त्यो. सोडा त्याचा हात."

मालकांनी हात काही सोडला नाही. "पाणी कुठलं, पावणं?"

मला वाटलं, प्यायला काय हवं ते विचारताहेत. मी म्हणालो, "माठातलं चालेल."

त्यांना विचारायचं होतं की मी कुठल्या नदीच्या पाण्यावर वाढलो. पण माझं उत्तर ऐकून ते इतके खूश झाले, की त्याच दिवशी वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात पडली. भोळा भाडेकरू मिळाला, असं त्यांना वाटलं असणार. ते बरोबरच होतं, हे पुढं अनेकदा सिद्ध झालं.

मालकांची सगळी हयात एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात गेली होती. मोपेडवरून शिवारं धुंडाळायची, उसाचं कांडं हातात धरायचं, दाबायचं, दातानं सोलून चव बघायची आणि सांगायचं, हा तोडायला आला, तो अजून कच्चा आहे. रिटायर झाल्यावर ऊस सुटला, सवय राहिली. मग जे समोर येईल त्याला ते उसासारखं बघू लागले. गाळलेल्या उसातून साखर किती पडली याला साखरेच्या दुनियेत उतारा म्हणतात. मालकांच्या मते देवानं माणसं जन्माला घातली तीसुद्धा गाळून उतारा काढण्यासाठीच.

कुणाच्या घरी मुलगी बघायला पावणे आले की मालकांना हटकून बोलावणं असायचं. ते मुलाशी एक शब्द बोलायचे नाहीत. पोहे खायचे, चहा घ्यायचे आणि दारात चपला घालता घालता मुलीच्या बापाच्या कानात सांगायचे, "पाचट लई हाय. आत कांडं पोकळ. बघा बाबा." पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. एका जावयाला हे पुढं कळलं आणि त्यानं मालकांशी बोलणं टाकलं. मालक म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? रसच न्हाय त्यात."

मयतीला गेले तरी तेच. गल्लीतले एक आजोबा भरपूर जगून, नातवंडं-पतवंडं बघून गेले. सगळे गंभीर चेहऱ्यानं उभे होते. मालकांनी उपरणं डोक्यावर घेतलं आणि समाधानानं मला म्हणाले, "आडसाली पीक. टायमावर तुटलं." आडसाली म्हणजे रानात सगळ्यात जास्त दिवस उभा राहणारा ऊस. मला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. मेलेल्याच्या सुनेनं मला पाणी आणून दिलं आणि "तुम्ही नका एवढं मनाला लावून घेऊ" म्हणून समजूत काढली.

स्वतःलाही ते सोडत नसत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तुम्हाला साखर झालीय. मालक घरी आले ते छाती काढून. "हयातभर दुसऱ्याच्या उसातनं साखर काढली, पावणं," ते म्हणाले, "आता सोताच उतारा द्यायला लागलोय. मोरीत मुंग्या येत्यात, मुंग्या!" काकींनी आतून चिमटा फेकून मारला. तो मला लागला.

असा हा माणूस. मूळचा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. दाराला दार लागलेलं, समोरच्या घरात कढईत काय पडलं ते आवाजावरून ओळखावं असा शेजार, कोपऱ्यावर तालीम, तालमीचा कट्टा, कट्ट्यावर फुटबॉलची भांडणं. तिथून उठून त्यांनी गावाबाहेर माळावर बंगला बांधला, कारण त्यांना हिरवळ पाहिजे होती. कारखान्याच्या गेस्ट हाऊसपुढं एक हिरवळ होती म्हणे, पाहुणे आले की तिच्यावर खुर्च्या मांडायचे. नोकरीभर तिच्या कडेनं जाता येता मालकांनी मनात घेतलं होतं की रिटायर झाल्यावर आपल्या दारात असलीच.

घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी ती लावली. सरी सोडून लावायचा त्यांचा बेत काकींनी मोडून काढला, एवढाच काय तो अपवाद. बाकी सगळं उसाचं. हिरवळीला ते 'प्लॉट' म्हणत. कडेला कारखान्याच्या प्रात्यक्षिक प्लॉटला लावतात तसला पत्र्याचा बोर्ड ठोकला होता, स्वतःच्या अक्षरात: 'जात: कारपेट. लागण: आषाढ. पाय ठेवण्यास मनाई, चपलेसह अगर बिगर.' आम्ही सगळे कडेच्या फरशीवरून भिंतीला घासत घरात जायचो. माझ्या सगळ्या शर्टांच्या डाव्या बाहीला चुना असायचा.

मी एका फौंड्रीत तपासणी खात्यात होतो. ओतकाम होऊन आलेले लोखंडी भाग बघायचे, कुठं चीर आहे, कुठं आत हवेचा बुडबुडा राहिलाय, ते हुडकायचं. म्हणजे दोष शोधण्याचा मी पगार घेत होतो. हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढं जे झालं त्यात माझी अब्रू किती गेली ते कळावं.

आमच्या त्या घरातल्या पहिल्याच उन्हाळ्यात, शिमगा होऊन चैत्राचं ऊन लागायला लागलं तसा, प्लॉट पिवळा पडू लागला.

सकाळी मालकांची हाक आली. मी दात घासत गॅलरीत आलो. खाली ते उकिडवे बसले होते, हातात गवताचं एक पातं. ते पातं त्यांनी सूर्यापुढं धरलं होतं.

"पावणं," ते म्हणाले, "केवडा पडला."

माझी बायको आतून धावत आली. "कुठं? काकांना म्हणावं, एक पान मला ठेवा. वेणीत घालते."

मालकांनी वर असं बघितलं, की ती तशीच मागं सरली. उसाची पानं पिवळी पडतात त्या रोगाला ऊसवाले केवडा म्हणतात. वास नाही, वेणी नाही, नुसतं नुकसान. त्यावर औषध हिराकस. मालकांनी दुपारच्या आत हिराकस आणला, पाण्यात कालवला आणि पाठीवरचा पंप मारत सगळ्या प्लॉटवर फवारला. वारा होता. माझ्या पांढऱ्या पँटी दोरीवर वाळत होत्या. हिराकस म्हणजे लोखंडाचंच मीठ. संध्याकाळपर्यंत फरशी, भिंत, पायरी आणि माझ्या पँटी यांवर तांबूस गंज चढला. तीच पँट घालून फौंड्रीत गेलो तर साहेब म्हणाले, "काय हो, इतकी वर्षं लोखंड बघून शेवटी तुम्हालाही गंज लागला?"

फरशी तांबडी झाली आणि गवत पिवळंच राहिलं.

मग मालकांनी नत्र कमी पडलं म्हणून युरिया टाकला. मग युरिया जास्त झाला म्हणून पाटानं सोडावं तसं पाणी सोडलं. इतकं, की काकींनी दारातून विचारलं, "नाव सोडताय काय?" मग पाणी जास्त झालं म्हणून पाणी तोडलं. मग म्हणाले, हुमणी. हुमणी ही मुळं खाणारी अळी, उसवाल्यांचा जुना वैरी. आम्ही दोघांनी साबणाचं पाणी ओतलं आणि अळ्या वर यायची वाट बघत बसलो. गांडुळं आली. गांडुळांकडं बघून मालक म्हणाले, "ही आपली माणसं हायती. जावा रं आत." ती गेली नाहीत.

मी माझ्या धंद्यातलं डोकं चालवून सांगितलं, की मातीत आत कुठंतरी हवेचा बुडबुडा राहिला असणार. मालकांनी थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. "तुमचा उतारा," ते म्हणाले, "मी जरा जास्तच धरला हुता."

शेजारच्या बंगल्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम राहायच्या. शांत बाई. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या आणि येताना कॉलनीतल्या सगळ्या पोरांना खीर द्यायच्या. मालकांना त्यांच्या डिग्रीबद्दल फार आदर. कुंपणाशी उभं राहून ते पातं पुढं करत विचारायचे, "मॅडम, तुमचं पुस्तक काय म्हणतंय?"

मॅडम चष्मा काढत, पुसत, परत घालत. "उष्णतेचा परिणाम दिसतोय."

"आवो, उष्णता सगळ्या कोल्हापूरला हाय. ह्यालाच का?"

"ते बघावं लागेल," असं म्हणून मॅडम कुकरची शिट्टी झाल्यासारखं करून आत जात. शिट्टी झालेली नसे. हे मी ऐकत होतो, आणि तरी मला काही वाटलं नाही. म्हणून म्हणतो, मालकांनी उतारा जास्तच धरला होता.

एवढ्याशा गवतापायी हा माणूस जेवण सोडतो की काय अशी पाळी आली तेव्हा मी एकदा गच्चीवर त्यांना म्हणालो, "मालक, जाऊ द्या. पावसाळ्यात दुसरं लावू."

ते म्हणाले, "पावसाळ्याला मी हितं असंन का ते बघा आधी."

मला वाटलं, तब्येतीचं काही. तसं नव्हतं. बंगल्याची वास्तुशांत गेल्या अक्षय तृतीयेला झाली होती. त्या दिवशी काकी रडल्या होत्या. त्यांना पेठ सोडायची नव्हती. इथं माळावर दुपारी कुत्रं भुंकलं तरी सोबत वाटावी असा शुकशुकाट. तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता: एक वर्ष बघ. ह्या माळावर हिरवळ जगली तर माणसंबी जगत्यात. नाही जगली, तर येत्या अक्षय तृतीयेला मी सोता टेम्पो सांगतो आणि तुला परत पेठेत नेतो. काकी म्हणाल्या होत्या, "बरं." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नव्हता.

"एकदा बी काढला न्हाय, पावणं," मालक म्हणाले. "बोलली असती तर भांडलो असतो. गप ऱ्हाती आणि मी गवताला पाणी घालताना बघत बसती. तिच्या डोळ्यांत कसं असतंय म्हाईत हाय? उसाचं बिल काढायच्या आधी वजनाचा काटेवाला बघतोय तसं."

अक्षय तृतीया तोंडावर आली होती. पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्या अजून तशाच होत्या. वाटणीत आलेल्या, थोरल्या भावाच्या देखरेखीखाली. त्या असल्यामुळंच टेम्पोची धमकी खरी होती. मालक नृसिंहवाडीला जाऊन दत्ताचा अंगारा घेऊन आले आणि तो, मी पाहिलं नाही असं समजून, प्लॉटवर शिंपडला. ते देवाला फारसं मानत नसत. "ह्यात उतारा मोजता येत न्हाय," म्हणायचे.

मग त्यांना कुत्र्याचा शोध लागला.

पिवळे पट्टे नेमके मधोमध होते, कडेला गवत ठीक होतं. म्हणजे कुणीतरी रोज येऊन बसतं, निजतं, घाण करतं. मालक म्हणाले, "दुपारचं येतंय. मी नसताना." कारण दुपारी ते नसायचेच. जेवून हात धुतले की मोपेडला पायडल मारायचं आणि पेठ गाठायची, ते दिवस कलल्यावर परत. तालमीच्या कट्ट्यावर बसतो म्हणायचे. मी फौंड्रीत. सोमवारी सुट्टीला मी घरी असायचो, पण सोमवारी कधी कुत्रं दिसलं नव्हतं. "त्याला तुमची सुट्टी म्हाईत हाय," मालक म्हणाले. हे वाक्य त्यांनी विनोदानं म्हटलं. ते किती खरं होतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बेत ठरला. मी कामाला जातो म्हणून निघायचं आणि कोपऱ्यावरनं परत फिरायचं. मालकांनी पेठेला म्हणून मोपेड काढायची, मागच्या गल्लीत लावायची. दोघांनी मागच्या लोखंडी जिन्यानं गच्चीवर जायचं आणि टाकीच्या आडोशाला बसायचं. मालकांच्या हातात कुत्र्यासाठी उसाचं कांडं होतं. आमच्या दोघांच्या खाली गच्चीची तापलेली फरशी होती. माझं फौंड्रीतलं आयुष्य भट्टीपाशी गेलं, पण भट्टीवर मी कधी बसलो नव्हतो.

फाटकाची कडी वाजली.

"आलं!" मालक कुजबुजले.

घरातून काकी बाहेर आल्या. काखेत खताच्या रिकाम्या पोत्यांची शिवून केलेली भली मोठी ताडपत्री. ती त्यांनी प्लॉटवर झटकून अंथरली, अगदी मधोमध. पाठोपाठ दुसरी. मागनं माझी बायको मिरच्यांची पाटी घेऊन आली. फाटकातून मॅडम आल्या, पदर खोचलेला, हातात मिरच्यांची पिशवी.

"या या," काकी म्हणाल्या. "गेलं एकदाचं पेठंला."

"आमचे पण गेले," माझी बायको म्हणाली. "आज तर इतक्या घाईत, की डबा इथंच."

"मला बाई फार अपराधी वाटतं," मॅडम म्हणाल्या. "काल परत विचारत होते, मॅडम, रोग कुठला? मी म्हटलं, उष्णता. खोटं तरी कुठं बोलले?"

"रोग म्हणं हुमणी," काकी म्हणाल्या. "जेवताना मला सांगत्यात, मुळं खाती, मुळं खाती. आणि वरनं ताटातली चटणी खात्यात. मनात म्हटलं, खावा. तीच हुमणी हाय ती."

तिघी हसल्या. काकींनी विचारलं, "आणि तुझा पावणा काय म्हणतोय गं?"

"ते म्हणतात, बुडबुडा आहे."

"कशात?"

"तेच मी विचारलं," माझी बायको म्हणाली, आणि परत तिघी हसल्या, या खेपेला जरा जास्त वेळ.

मी मालकांकडं बघितलं नाही. मालकांनी माझ्याकडं बघितलं नाही. कोल्हापुरात वर्षाची चटणी हा घराचा कणा असतो. ऐन उन्हाळ्यात मिरच्या कडकडीत वाळवल्याशिवाय ती कांडपाला नेता येत नाही. सोमवारी मी घरी असतो म्हणून सोमवारी मिरच्या बंद. कामावरून आल्यावर मी रोज त्याच मिरच्यांच्या कडेनं चालत वर जात होतो म्हणा ना, फक्त त्या तासभर आधी गोळा झालेल्या असत. दिवसभर लोखंडातली केसाएवढी चीर शोधणाऱ्या मला एक साधी गोष्ट दिसली नव्हती: पिवळे डाग चौकोनी होते. कुत्रं चौकोनी निजत नाही.

खाली मॅडमनी पिशवी उपडी केली. लवंगी असावी. वाऱ्याची झुळूक आली आणि तिचा तिखट भपका वर चढला. मालकांचा चेहरा आक्रसला. त्यांनी नाक दाबलं, डोळे मिटले, मान हलवली आणि टाकीच्या पत्र्याला हादरा बसेल अशी शिंक दिली. ती संपायच्या आत मी दिली.

 मग काकी वर न बघताच म्हणाल्या, "पयली शिंक आमची."

"दुसरी आमची," माझी बायको म्हणाली.

आम्ही खाली आलो. मालक उसाचं कांडं हातात धरून सरळ प्लॉटवर गेले आणि ताडपत्रीचं एक टोक उचललं. खाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. पोत्याखाली वाफ धरली होती. गवत उकडून निघत होतं.

ते पुढं बरं कसं झालं ते सांगून टाकतो. त्यात रोग नव्हता, त्यामुळं औषधही फार नव्हतं. ताडपत्र्या जमिनीवरून उठल्या आणि सुतळीच्या बाजांवर गेल्या, म्हणजे खालून वारं खेळायला लागलं. बाजासुद्धा रोज थोड्या थोड्या सरकवायच्या, एका जागी ठेवायच्या नाहीत. दबून घट्ट झालेली माती मी फौंड्रीतली टोकदार सळई आणून जागोजागी भोसकली, भोकांत वाळू आणि कुजलेलं शेणखत भरलं. युरिया बंद. पाणी सकाळी, मुरेल एवढंच. गवत फार खाली कापायचं नाही. वळीव झाला तेव्हा पिवळ्यातून हिरवे कोंब निघाले होते. हे सगळं मालकांनी स्वतः उभं राहून करून घेतलं आणि पुढं कुणी विचारलं तर "केवडा हुता, हटवला" असंच सांगितलं.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालं नव्हतं. त्या दुपारी मालक ताडपत्रीचं टोक धरून उभे होते आणि त्यांचा आवाज चढत होता.

"तोंडानं सांगायचं की! पेठंत जायचं हाय, ह्या माळावर न्हाय ऱ्हायचं, तोंडानं सांगायचं! मुक्या गवताचा जीव कशाला घेतीस? मी हितं वेड्यावानी हिराकस मारतोय, वाडीचा अंगारा आणतोय..."

"अंगारा?" काकी म्हणाल्या.

"ते ऱ्हाऊ दे. मुद्दाम मारलास का न्हाय प्लॉट? मला शब्द पाळाय लागावा म्हणून गपगार मारलास!"

मॅडम पिशवी उचलून निघायच्या बेतात होत्या. काकींनी त्यांचा हात धरून बसवलं. "मारायचं असतं तर मिठाचं पोतं उपडं केलं असतं. एका दिसात काम," त्या म्हणाल्या. "चार घरच्या मिरच्या गोळा करून उनात बसलो असतो व्हय मी?"

"मग कशाला बसतीस?"

"कशाला म्हंजे? तुम्ही जेवला की गाडीवर बसून पेठंत. मी कुणाशी बोलायचं, भिताडाशी? पयलं पयलं बोललो बी. एक दिस ह्या पोरीनं जिन्यात मिरच्या टाकल्या, सावलीत. म्हटलं, अगं आण हितं, उनात. मग मॅडम आल्या. मग पल्याडच्या गल्लीतल्या आल्या. आता दुपार कवा सरती कळत न्हाय मला."

मालकांच्या हातातलं टोक खाली गेलं. "म्हंजे... टेम्पो सांगायचा का न्हाय?"

"सांगा की. पर सामान टाकणार कुठं? भाऊजींना मी सांगून टाकलंय, आमच्या दोन खोल्या देऊन टाका कुणाला. पुढल्या म्हैन्यात शिकणारी पोरं यायची हायती ऱ्हायला."

मालकांचा चेहरा मी त्यापूर्वी असा बघितला नव्हता. जिंकलेला माणूस इतका हरल्यासारखा कसा दिसतो, ते मला कळेना.

"मला न इचारता?"

"हितं बंगला बांधताना मला इचारलंतंसा?"

 माझी बायको एकाच मिरचीचं देठ पुन्हा पुन्हा मोडत होती. मालक गवताकडं बघत राहिले. मग अगदी हळू, आम्ही तिथं नाहीच असं समजून, म्हणाले, "मग मी दुपारचं पडू कुठं?"

"पडू म्हंजे? कट्ट्यावर बसता न्हवं तुम्ही?"

"कट्ट्यावर कोण असतंय आता दुपारचं. जुनी माणसं गेली, पोरं कामाला." त्यांनी उसाचं कांडं एका हातातनं दुसऱ्या हातात घेतलं. "खोलीत खाट हाय माझी अजून. समोरच्या घरात भांडी वाजत्यात, कुणीतरी कुणाला हाका मारतंय. त्यात झोप लागती. हितं लागत न्हाय."

 वर्षभर ज्या माणसाच्या शब्दात काकी अडकून बसल्या होत्या, तो रोज दुपारी चोरून मागं जात होता. त्यांनी हे मनाला कसं लावून घेतलं, मला माहीत नाही. त्यांनी समोरचा मिरच्यांचा ढीग हातानं बाजूला सारला, माणूस बसेल एवढी जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "देठं मोडा."

मालक उभेच होते. मॅडम सरकल्या, माझी बायको सरकली. मग त्यांनी चपला काढल्या, कांडं खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. एक मिरची घेतली. दाबून बघितली, उजेडाकडं फिरवली. उताऱ्याचं काही म्हणतील म्हणून आम्ही थांबलो. त्यांनी नुसतं देठ मोडलं. दुसरी घेतली. नाक ओढलं.

काकी आपल्या हातातल्या मिरचीकडंच बघत होत्या.

"आणि डोळ्यास्नी हात लावू नगा," त्या म्हणाल्या.